३,६०० खुबे कुठे गेले?

खुबा बदलण्याच्या ऑपरेशनशी माझं काहीही भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला मोजे घालता येत नाहीत, रिक्षात चढता येत नाही, रात्री कुशीवर वळलं की जीव जातो, असा माणूस ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहतो आणि तीन महिन्यांनी भाजी आणायला चालत जातो. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००७ साली या ऑपरेशनवर एक लेख आला होता. त्याच्या शीर्षकातच याला 'शतकातलं ऑपरेशन' म्हटलं होतं आणि ते अतिशयोक्त वाटत नाही.

भांडण वेगळं आहे. भारतात दरवर्षी कोणत्या कंपनीचे किती खुबे बसवले जातात आणि त्यातले किती दहा वर्षांच्या आत काढून पुन्हा बसवावे लागतात, या साध्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देशात कुणाकडेच नाही. सर्जनकडे नाही, हॉस्पिटलकडे नाही, सरकारकडे तर नाहीच. कंपनीकडे विक्रीचा आकडा असतो, पण खोका विकला गेला म्हणजे तो कुणाच्या मांडीत गेला हे कळत नाही. तरी शहरातल्या प्रत्येक मोठ्या चौकात 'रोबोटिक जॉइंट रिप्लेसमेंट'चा फ्लेक्स आहे आणि त्यावर हसणाऱ्या आजी टेकडी चढतायत. आपण पुढे गेलो आहोत असं तो फ्लेक्स म्हणतो. कुठून किती पुढे गेलो, हे मोजल्याशिवाय ठरवायचं कसं?

हे मोजणं म्हणजे ऑपरेशन झाल्यावर करायची कारकुनी, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण या ऑपरेशनचा इतिहास उघडला तर उलटंच दिसतं.

आजचा खुबा ज्याच्यामुळे आहे तो जॉन चार्नली हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या राइटिंग्टन हॉस्पिटलमधला सर्जन. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. चार्नलीने गोळा धातूचा आणि वाटी प्लॅस्टिकची करायचं ठरवलं. पहिलं प्लॅस्टिक त्याने निवडलं टेफ्लॉन, तेच जे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं. गुळगुळीत, घर्षण जवळजवळ नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याने सुमारे ३०० रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. रुग्ण खूश, दुखणं गायब. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, झिजलेल्या कणांभोवती गाठी झाल्या, आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं. चार्नलीने त्या लोकांवर पुन्हा ऑपरेशनं केली. टेफ्लॉनचा तुकडा स्वतःच्या मांडीत घालून घेतला, शरीर त्याला काय करतं ते पाहायला. काही महिन्यांनी तिथे गाठ हाताला लागायला लागली आणि त्याने ते 'लॅन्सेट'ला पत्र लिहून जाहीर केलं.

नवं प्लॅस्टिक कसं सापडलं, ती गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. १९६२ मध्ये एका विक्रेत्याने चार्नलीच्या प्रयोगशाळेत पॉलिएथिलिनचा एक नमुना आणून दिला. तो गिअर बनवायला वापरत. चार्नलीला त्यात काही दम वाटला नाही. पण त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने तो तुकडा झीज मोजायच्या मशीनवर लावून ठेवला. तीन आठवडे मशीन रात्रंदिवस चाललं. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं, तितकंही हे झिजलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ही वाटी पहिल्यांदा माणसात बसली.

यातून निघणारा धडा 'चांगलं प्लॅस्टिक सापडलं' एवढाच नाही. टेफ्लॉन वाईट आहे हे चार्नलीला समजलं, कारण त्याचे ३०० रुग्ण त्याच्या नजरेसमोर होते. कुणाला काय बसवलं, कधी, आणि आता तो माणूस कसा चालतो, हे त्याला माहीत होतं. पुढे तर तो रुग्णांकडून असं मान्य करून घेई की मृत्यूनंतर तो खुबा तपासणीसाठी परत द्यायचा. कृत्रिम खुबा सर्रास विकायलाही तो सुरुवातीला तयार नव्हता. आधी राइटिंग्टनला येऊन शिका, मग घ्या, असा हट्ट होता. आज एखाद्या सर्जनने असा हट्ट धरला तर त्याला हेकेखोर म्हणतील.

चार्नलीनंतर साहित्यात भरपूर सुधारणा झाल्या. सिरॅमिकचे गोळे आले, सिमेंट न लावता हाडातच रुजणारे दांडे आले, १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणखी घट्ट विणीचं पॉलिएथिलिन आलं. त्याची झीज आधीच्यापेक्षा खूपच कमी, आणि माझ्या मते रोबॉटपेक्षा कितीतरी मोठी क्रांती हीच आहे, फक्त प्लॅस्टिकच्या वाटीचा फ्लेक्स लागत नाही.

सर्जनला 'डॉक्टर, किती वर्षं टिकेल?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'वीस-पंचवीस वर्षं आरामात.' हा आकडा कुठून येतो? २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला. त्यानुसार १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के खुबे जागेवर होते, २० वर्षांनी ७० टक्के आणि २५ वर्षांनी ५८ टक्के. हे आकडे ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींवरून काढलेले. म्हणजे नाशिकच्या पेशंटला मिळणारं उत्तर हेलसिंकी आणि ॲडलेडच्या पेशंटचं असतं.

आणि आपला पेशंट वेगळा आहे. तिकडे खुबा बदलणारा माणूस बहुधा साठी-सत्तरीचा, म्हातारपणाच्या झिजेचा. आपल्याकडे तिशी-चाळिशीतले लोक मोठ्या संख्येने येतात. स्टिरॉइड किंवा दारूमुळे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरतं, त्याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. विदर्भातल्या आणि आदिवासी पट्ट्यातल्या सिकल सेलच्या रुग्णांनाही तेच होतं. शिवाय अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, टीबीने खाल्लेला सांधा आहे, पडून मोडलेलं आणि नीट न बसवलेलं हाड आहे. वरून आपण मांडी घालून जेवतो, उकिडवे बसतो. इंग्लंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की सत्तरीनंतर खुबा बदलला तर उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास असते, पण पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. मग तिसाव्या वर्षी? त्याचं उत्तर द्यायला जगात सगळ्यात योग्य देश आपलाच होता. असे पेशंट आपल्याइतके कुणाकडे असणार!

आता त्या ३,६०० कडे येतो.

डेप्यू ही जॉन्सन अँड जॉन्सनची उपकंपनी. तिने २००३ पासून एएसआर नावाचा खुबा बाजारात आणला. गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची, कोबाल्ट-क्रोमियमची. कल्पना आकर्षक होती. प्लॅस्टिकच नाही तर झिजणार काय? आणि वाटी पातळ असल्यामुळे गोळा मोठा बसवता येतो, मोठा गोळा सहसा निसटत नाही, म्हणून तरुण आणि धावपळीच्या माणसाला उत्तम. मांडी घालून बसणाऱ्या देशात तर हे कुणालाही पटेल. घोटाळा वाटीच्या आकारात होता. ती नेहमीपेक्षा उथळ होती. जराशी तिरकी बसली तरी गोळा तिच्या कडेवर घासायचा. धातूवर धातू घासून सूक्ष्म कण सुटायचे, कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात जायचं, सांध्याभोवतीचे स्नायू आणि ऊती मरायच्या, आत गाठी व्हायच्या.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? ऑस्ट्रेलियात १९९९ पासून सांधेबदलाची राष्ट्रीय रजिस्ट्री आहे. (रजिस्ट्री म्हटलं की आपल्याला फ्लॅटची आठवते. इथे अर्थ साधा आहे: बसवलेल्या प्रत्येक सांध्याची नोंद, आणि तो काढावा लागला तर त्याचीही.) २००७ पासून त्या रजिस्ट्रीत एएसआर इतर खुब्यांपेक्षा लवकर निकामी होतोय असं दिसायला लागलं. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने तिथल्या बाजारातून तो काढून घेतला. मग इंग्लंड आणि वेल्सच्या रजिस्ट्रीने आकडे दिले की पाच वर्षांत १२ ते १३ टक्के एएसआर काढावे लागतायत. ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून तो परत बोलावला. तोवर जगात सुमारे ९३,००० बसले होते. ऑस्ट्रेलियातली माघार आणि जागतिक माघार यांच्यामधल्या आठ महिन्यांत इतर देशांतल्या लोकांच्या कमरेत तो जातच होता.

म्हणजे हा दोष कुठल्या हुशार सर्जनने एकट्याने पकडला नाही. पकडणं शक्यही नव्हतं. एका सर्जनने पाच वर्षांत चाळीस एएसआर बसवले आणि पाच बिघडले तर तो म्हणणार, माझा हात चुकला असेल, पेशंटचं वजन जास्त होतं, पेशंट पडला असेल. पाच हा आकडा त्याला काहीच सांगत नाही. हजारो नोंदी एकत्र आल्या तरच तो बोलायला लागतो. ज्याने प्रॉडक्शनमध्ये कोड टाकलाय त्याला हे वेगळं समजवायला नको. ॲप कुणा एकाच्या फोनवर बंद पडलं तर आपण म्हणतो, तुझ्या फोनचाच प्रॉब्लेम आहे. क्रॅश लॉग एकत्र पाहिले की कळतं, एकाच मॉडेलचे सगळे फोन पडतायत.

आपल्याकडे काय झालं? भारतात एएसआरची सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. महेश झगडे आयुक्त असताना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हा विषय लावून धरला, केंद्राकडे पाठपुरावा केला, म्हणून तो निदान कागदावर आला. देशाच्या औषध नियंत्रकांनी याबद्दल सूचना काढली ती डिसेंबर २०१३ मध्ये, जागतिक माघारीनंतर तीन वर्षांहून अधिक काळाने. केंद्र सरकारने डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली २०१७ मध्ये. समितीच्या अहवालातून २०१८ मध्ये जे बाहेर आलं ते असं: ४,७०० पैकी हजारभर रुग्णांचा पत्ता लागला. सुमारे ३,६०० लोक सापडलेच नाहीत.

गावाकडे परत गेले असतील, फोन नंबर बदलले असतील, काही गेलेही असतील. त्यांच्या शरीरात काय आहे हे सांगणारी एकही यादी नव्हती. तुमच्या स्कूटरच्या एका बॅचमध्ये ब्रेकचा दोष निघाला तर चॅसिस नंबरवरून शोरूमचा फोन येतो, 'साहेब, गाडी घेऊन या, फ्री आहे.' कमरेत बसवलेल्या कोबाल्टसाठी कुणाचा फोन आला नाही.

पैशाचंही सांगून टाकतो. अमेरिकेत २०१३ मध्ये कंपनीने सुमारे ८,००० रुग्णांसाठी अंदाजे अडीच अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली. भारत सरकारने २०१८ च्या अखेरीस ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचं सूत्र ठरवलं, कंपनीने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं, आणि मे २०१९ मध्ये पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख द्यायची तयारी दाखवली. सदुसष्ट. ४,७०० मधले. लोक यावर कंपनीला शिव्या घालतात आणि त्या मीही घालतो. पण ज्याचा पत्ताच नाही त्याला भरपाई कुणी आणि कशी द्यायची? तो पत्ता ठेवणं ही आपली, म्हणजे इथल्या व्यवस्थेची जबाबदारी होती. कंपनीच्या खलनायकीमागे आपण ती सोयीस्करपणे लपवली.

यावर कुणी म्हणेल, झालं ते झालं, आता दिवस बदललेत. म्हणून घरातलंच उदाहरण देतो.

माझ्या मावसभावाला २०२१ मध्ये कोविड झाला, ऑक्सिजन लागला, भरपूर स्टिरॉइड दिली गेली. ती द्यावीच लागली, त्याबद्दल तक्रार नाही. वर्षभराने जांघेत दुखायला लागलं. एमआरआयमध्ये गोळ्याचं हाड मेलेलं दिसलं. एकतिसाव्या वर्षी, २०२२ मध्ये, त्याचा उजवा खुबा बदलला. ऑपरेशन झकास झालं, दादा आता बाइक चालवतो. गेल्या वर्षी मी मावशीकडे त्याचे कागद मागितले. मावशीने साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळं जपून ठेवलंय, अगदी कँटीनच्या पावत्यासुद्धा. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ होती: टोटल हिप रिप्लेसमेंट, उजवी बाजू, सिमेंटविरहित. बिलावर 'इम्प्लांट, नग १' आणि पुढे रक्कम. कंपनी नाही, मॉडेल नाही, लॉट नंबर नाही.

प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात सोलून चिकटवायची स्टिकरं येतात. त्यावर सगळं छापलेलं असतं. म्हणून मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता. 'सर, एवढं कशाला पाहिजे? पेशंटला काही त्रास आहे का?' त्रास नाही म्हटल्यावर तो निश्चिंत झाला. 'मग टेन्शन नका घेऊ. स्टिकर इनडोअर पेपरला असतं. ते पेपर तीन वर्षांनी डिस्पोज होतात.'

तो खोटं बोलत नव्हता. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायला सांगितल्या आहेत. रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात असंही त्यातच आहे, जे आपल्यापैकी फार कमी जणांना ठाऊक असतं. पण तीन वर्षं! वस्तू पंचवीस वर्षं टिकेल असं सांगून बसवायची आणि तिचा नंबर तीन वर्षांनी रद्दीत घालायचा. एएसआर किती वर्षांत किती बिघडत होते ते वर लिहिलंच आहे.

गंमत म्हणजे तो नंबर एका ठिकाणी अगदी काटेकोरपणे गेला होता: विम्याच्या क्लेमला. इम्प्लांटचं स्टिकर आणि इन्व्हॉइस जोडल्याशिवाय विमा कंपनी पैसे सोडत नाही, सरकारी योजनांतही पुरावा लागतो. म्हणजे माहिती गोळा होते, स्कॅन होते, अपलोड होते, कुणीतरी ती डोळ्यात तेल घालून तपासतंसुद्धा. पैसे सुटले की ती मरते. त्यामुळे 'आपल्याकडे डेटा भरणार कोण' हा युक्तिवाद मला कुणी ऐकवू नये. भरणारा माणूस टीपीए डेस्कवर रोज संध्याकाळी सहापर्यंत बसलेला असतो.

कागदावर आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. खुबा आणि गुडघ्याच्या सर्जनांच्या भारतीय संघटनेची रजिस्ट्री आहे, ती काही सर्जन मनापासून भरतात आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ती ऐच्छिक आहे. ऐच्छिक नोंदीत कोण येतो? ज्याला आपले निकाल चांगले आहेत याची खात्री आहे तो. वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवण्यासाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाचा कार्यक्रमही चालू आहे, गाझियाबादहून. पण तक्रारींच्या ढिगातून टक्केवारी निघत नाही. पाचशे तक्रारी आल्या, पण कितीपैकी? छेद माहीत नसेल तर अंश काय कामाचा, हे आपण सातवीत शिकतो. २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या असत्या. स्वस्त कोणतं ते ठरलं. टिकतं कोणतं ते ठरवायची सोय मात्र कुणी केली नाही.

रजिस्ट्रीच्या विरोधात सर्जन मंडळींचा एक आक्षेप असतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. नावानिशी आकडे बाहेर आले तर कठीण केस कुणी हातात घेणार नाही. ज्याचा टीबीने सांधा गेलाय त्याला 'पुढच्या हॉस्पिटलला जा' सांगतील. शिवाय हॉस्पिटलवर हल्ले होण्याच्या काळात डॉक्टरांनी आपलं अपयश लिहून द्यायचं, ही मागणी त्यांना भीतीदायक वाटणं स्वाभाविक आहे. पण ऑस्ट्रेलियाने यावर मार्ग काढलाय: सर्जनला स्वतःचे आकडे फक्त स्वतःला दिसतात, जाहीर होतात ते इम्प्लांटचे. मला दादाच्या डॉक्टरला फासावर चढवायचं नाहीये. मला त्या खोक्यातल्या मॉडेलचं काय चाललंय ते हवंय. आणि सक्ती ही काही जगावेगळी मागणी नाही. इंग्लंडमध्येही २००३ ला रजिस्ट्री सुरू झाली तेव्हा सरकारी हॉस्पिटलांना मोकळीक होती, २०११ पासून त्यांनाही सक्तीची झाली. स्वीडन तर हे १९७९ पासून करतंय, तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढं मशीन होतं.

दुसरी अडचण आपली खास आहे. रजिस्ट्री साधारणपणे 'पुन्हा ऑपरेशन झालं का' हे मोजते. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड आणि महाग. इथे खुबा बिघडला तरी बरेच लोक ते करूनच घेणार नाहीत. काठी घेतील, पेनकिलर खातील, 'आता वय झालं' म्हणून घरात बसतील. तो माणूस काठी टेकत चालतोय आणि आकडेवारीत त्याचा खुबा ठणठणीत, असं होईल. म्हणून आपल्याला नुसती परदेशी फॉर्मची नक्कल पुरणार नाही. पेशंटला दरवर्षी फोन करून विचारावं लागेल: जिना चढता का, दुखतं का, खाली बसता येतं का. इंग्लंडमध्ये २००९ पासून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर अशी प्रश्नावली भरून घेतात. ज्या देशात लोनसाठी दिवसाला चार फोन येतात, तिथे वर्षाला एक फोन जड नाही.

आता रोबॉट. तो हाड नेमकं कापायला आणि वाटी ठरलेल्या कोनात बसवायला मदत करतो, आणि एएसआरची गोष्ट वाचल्यावर कोनाचं महत्त्व मी नाकारू शकत नाही. पण आजच्या पिढीच्या रोबॉटने बसवलेला खुबा पंचवीस वर्षं जास्त चांगला टिकतो, हे म्हणायला पंचवीस वर्षं झालेलीच नाहीत. काही कोटींचं मशीन घेतलं की ते दररोज चालवावं लागतं, म्हणून फ्लेक्स लागतो. हरकत नाही. फक्त, ज्या थिएटरमध्ये मिलिमीटरचा हिशोब ठेवणारं यंत्र आहे, त्याच थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर लॉट नंबर नसावा? मिलिमीटर त्या दिवसापुरता मोजला, पुढची पंचवीस वर्षं कुणी मोजायची? ब्रिटनमध्ये १० वर्षांत ५ टक्क्यांहून जास्त खुबे पुन्हा बदलावे लागत असतील तर तो खुबा वापरू नका, असं तिथली आरोग्य यंत्रणा २०१४ पासून सांगते. आपल्या फ्लेक्सवर असा एक आकडा मला अजून दिसलेला नाही, ना कंपनीचा, ना हॉस्पिटलचा.

तेव्हा मागणी अगदी कोरडी आहे. खुबा किंवा गुडघा बसवणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलने इम्प्लांटचा नंबर राष्ट्रीय रजिस्ट्रीत टाकायचा, काढला तर काढल्याचं टाकायचं, नाहीतर ना विम्याचे पैसे सुटतील ना सरकारी योजनेचे. नोंद पेशंट जिवंत असेपर्यंत ठेवायची. आभा क्रमांक आधीच काढून झालेत, त्यांचा काहीतरी उपयोग होऊ दे. डिस्चार्ज कार्डावर स्टिकर चिकटवायचं. यात एकही गोष्ट शोधून काढायची नाहीये.

ते होईपर्यंत तुमच्या हातात फोन आहे. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना सांगा, इम्प्लांटची स्टिकरं पाहिजेत. डीलरचा माणूस सेट घेऊन थिएटरबाहेर असतो, त्यालाही माहीत असतं. फोटो काढा आणि घरातल्या तिघांना पाठवा. ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली नसतील तर आजच अर्ज करून केसपेपरची प्रत घ्या. आणि आजोबांचा, काकूंचा, शेजारच्या कुणाचा खुबा २००४ ते २०१० च्या दरम्यान बदलला असेल, तर कपाटातली ती पिशवी खाली काढा. कागदावर कुठे 'डेप्यू' किंवा 'एएसआर' दिसतंय का बघा. दिसलं तर दुखत नसलं तरी हाडांच्या डॉक्टरकडे न्या आणि रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासायला सांगा. सात पार्ट्स पर बिलियनच्या वर आलं तर पुढचा तपास लागतो. त्या ३,६०० मधलं कुणीतरी तुमच्याच गल्लीत राहत असेल.